‘हे कशाला हवे?’ एवढे विचारायला शिकवू

गणपतीपुळ्याच्या परिसरातील एका माध्यमिक शाळेत किशोरवयीन मुलामुलींशी आरोग्यावर बोलायला गेलो होतो. अशा वर्गात हात वर करून कुणी प्रश्न विचारत नाही, हे इतक्या वर्षांच्या अनुभवाने ठाऊक आहे. म्हणून बुटांचा एक रिकामा खोका टेबलावर ठेवला आणि प्रश्न चिठ्ठीवर लिहून त्यात टाकायला सांगितले. नाव लिहायचे नाही, तुकडी लिहायची नाही. मधल्या सुट्टीनंतर खोका उघडला. मुरुमे, उंची, पाळीतील पोटदुखी, परीक्षेच्या आधी न येणारी झोप, असे नेहमीचे प्रश्न होते. एका चिठ्ठीपाशी मात्र मी थांबलो. ‘सर, आमच्या घरी एकच चांगला मोबाईल आहे, तो बाबांचा. पाळी लांबली म्हणून मी त्यावर शोधले. आता त्यावर तसलेच व्हिडिओ आणि जाहिराती येतात. बाबांना कळेल का?’

ती चिठ्ठी मी मोठ्याने वाचली नाही. तीस-पस्तीस मुलांच्या वर्गात नाव नसले तरी मजकुरावरून माणूस ओळखू येतो. (इथेही तिचा तपशील ओळख पटणार नाही इतका बदलून दिला आहे.) पुढच्या बोलण्यात सगळ्यांसाठी म्हणून उत्तर देऊन टाकले. पाळी सुरू झाल्यानंतरची पहिली दोन-तीन वर्षे ती मागेपुढे होणे बहुतेक वेळा नैसर्गिक असते. सलग तीन महिने आली नाही, फार रक्तस्राव होऊ लागला किंवा अशक्तपणा वाटू लागला, तर तपासून घ्यावे. प्रश्नाचा वैद्यकीय भाग इथे संपला. पण तिचा खरा प्रश्न तो नव्हताच. ‘बाबांना कळेल का?’ या तीन शब्दांचे उत्तर माझ्याकडे तयार नव्हते.

परतताना आरे-वारेच्या रस्त्याने येत होतो. एरवी तिथे समुद्र पाहायला थांबतो. त्या दिवशी ती चिठ्ठीच डोक्यात होती. ज्या मुलीला आईला विचारायची लाज वाटली, डॉक्टरकडे जायची सोय नव्हती, तिने मोबाईलला विचारले. कारण मोबाईल कुणाला सांगणार नाही, असे तिला वाटले. आणि नेमके तिथेच ते गुपित राहिले नाही.

एखादे संकेतस्थळ उघडल्यावर नेमके काय होते, हे आमच्या दवाखान्याच्या भाषेत सांगतो. पहिल्यांदा आलेल्या रुग्णाला केसपेपर मिळतो, त्यावर नोंदणी क्रमांक असतो. पुढच्या वेळी तो क्रमांक दाखवला की आधीची माहिती समोर येते. संकेतस्थळेही तसेच करतात. आपल्या ब्राउझरमध्ये ती एक छोटी नोंद ठेवून देतात, तिला ‘कुकी’ म्हणतात. पुन्हा गेलो की संकेतस्थळ आपल्याला त्या नोंदीवरून ओळखते. इथपर्यंत ती सोयीची गोष्ट आहे. कुकी नसती तर प्रत्येक पानावर नव्याने लॉग-इन करावे लागले असते.

अडचण पुढे आहे. अनेक संकेतस्थळांवर त्यांच्या स्वतःच्या कुकीबरोबर जाहिरात कंपन्यांचे आणि मोजणी करणाऱ्या कंपन्यांचे माग काढणारे कोडही असते. कल्पना करा, तुम्ही सकाळी सरकारी दवाखान्यात गेलात, दुपारी औषधाच्या दुकानात, संध्याकाळी किराणा आणायला. तिन्ही ठिकाणी दारात एकच माणूस वही घेऊन उभा आहे. त्याला तुमचे नाव माहीत नाही, पण तुमचा क्रमांक माहीत आहे. कुठे गेलात, किती वेळ थांबलात, काय घेतलेत, हे तो लिहून ठेवतो. आठवड्याभरात त्याच्या वहीत तुमचे जे चित्र तयार होते, ते तुमच्या फॅमिली डॉक्टरलाही ठाऊक नसते. मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये कुकीऐवजी फोनचा जाहिरात क्रमांक वापरला जातो आणि जोडीला ठिकाण, संपर्क यादी, मायक्रोफोन यांची परवानगी मागितली जाते. त्या मुलीच्या बाबतीत फोन बाबांचा, खाते बाबांचे, म्हणून ‘आवडीचे’ व्हिडिओही बाबांच्याच पडद्यावर. यंत्राला बाप आणि लेक वेगळी दिसली नाहीत.

आता एखादा वाचक म्हणेल, डॉक्टर, तुम्ही रक्तदाब-मधुमेहावर लिहायचे सोडून हे काय काढले? सांगतो. गुप्तता हा वैद्यकाचा पाया आहे. रुग्ण मला दारूचे खरे प्रमाण सांगतो, जिथे तिथे न सांगण्यासारखे दुखणे दाखवतो, ते मी हुशार आहे म्हणून नाही. हे माझ्या टेबलाच्या पलीकडे जाणार नाही, असे त्याला वाटते म्हणून. हा भरवसा गेला की रुग्ण खोटे बोलतो किंवा येतच नाही, आणि दोन्हींत रोग बळावतो. म्हणून आमच्या व्यवसायाच्या २००२च्या आचारसंहितेत रुग्णाची माहिती उघड न करण्याचे बंधन आहे. कायदा, न्यायालय, इतरांच्या जिवाला धोका आणि कळवणे सक्तीचे असलेले आजार, एवढेच अपवाद. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, गर्भपात करून घेतलेल्या स्त्रीचे नाव अनधिकृत व्यक्तीला सांगणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. गुप्तता ही उपचाराची गरज आहे, हे कायद्यानेही मान्य केले आहे.

हे सगळे माहीत असूनही मी स्वतः चुकलो आहे. काही वर्षांपूर्वी एका शाळेतील तपासणीनंतर ज्या मुलींचे हिमोग्लोबिन कमी आले, त्यांच्या यादीचा फोटो काढून मी तिथल्या शिक्षकांना पाठवला. हेतू चांगला होता, लोहाच्या गोळ्या कुणाच्या चुकू नयेत. त्यांनीही चांगल्याच हेतूने तो पालकांच्या ग्रुपवर टाकला. नावे, इयत्ता, समोर आकडे. संध्याकाळपर्यंत यादी गावभर झाली. त्यातील एका मुलीचे हिमोग्लोबिन आठच्या आसपास होते. वर्गात तिला ‘बिनरक्ताची’ म्हणून चिडवू लागले. तिने आठवड्याची ती निळी गोळी सगळ्यांसमोर घेणे बंद केले. पुढच्या तपासणीच्या दिवशी ती शाळेतच आली नाही. तिचे रक्त वाढावे म्हणून केलेल्या यादीनेच तिला गोळीपासून तोडले. संकेतस्थळांना नावे ठेवण्याआधी हे सांगणे मला भाग आहे. त्या यादीसाठी कुठल्या परदेशी कंपनीने माग काढला नव्हता. माझे बोट पुरेसे होते.

त्या प्रसंगानंतर मी स्वतःला तीन प्रश्न घालून घेतले. ही माहिती कशाला हवी? ती कुणाकुणाला दिसणार? आणि काम झाल्यावर तिचे काय होणार? चांगला डॉक्टर रुग्णाला हेच न बोलता सांगत असतो. खोकल्याच्या रुग्णाला मी ‘विडी ओढता का?’ विचारतो, ‘पगार किती?’ विचारत नाही. विचारलेच, तर कारण सांगतो. मुलांना ऑनलाइन गोपनीयता शिकवायची, तर मला वाटते याच तीन प्रश्नांपासून सुरुवात करावी. तांत्रिक शब्दांची यादी पाठ करून घेण्यात अर्थ नाही. ती दर दोन वर्षांनी बदलते. प्रश्न बदलत नाहीत.

पुढच्या भेटीत त्याच शाळेत आम्ही एक प्रयोग केला. मुलांना अ‍ॅपचा केसपेपर काढायला सांगितला. वर अ‍ॅपचे नाव. खाली चार रकाने: काय मागते, त्याच्या कामाला ते लागते का, आणखी कुणाला देते, नाही म्हटले तर चालते का. शिक्षकांनी आपला फोन दिला. सेटिंगमध्ये जाऊन परवानग्यांची यादी उघडली. नकाशाच्या अ‍ॅपला ठिकाण लागते, हे मुलांना लगेच पटले. कॅमेऱ्याला कॅमेरा लागणारच. पण फोटोला फुले-मुकुट चिकटवणाऱ्या अ‍ॅपला संपर्क यादी कशाला? आणि खेळाला मायक्रोफोन कशाला? वर्गात हशा पिकला, मग एकदम शांतता. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, ‘सर, म्हणजे फुकट नाय हां.’ दोन तासांच्या व्याख्यानाने जे साधले नसते, ते त्याने एका वाक्यात सांगितले.

हा नुसता संशय नाही. कोकणात पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही, त्यामुळे बॅटरीचे अ‍ॅप मुलांच्या ओळखीचे. म्हणून त्यांना २०१३ सालची अमेरिकेतील गोष्ट सांगितली. ‘ब्रायटेस्ट फ्लॅशलाइट’ नावाचे एक अ‍ॅप कोट्यवधी लोकांनी घेतले होते. काम एकच, फोनचा दिवा लावणे. ते अ‍ॅप वापरणाऱ्याचे ठिकाण आणि फोनची ओळख जाहिरात कंपन्यांना देत होते. ‘नको’ म्हणायचा पर्याय दिलेला होता, पण वापरणाऱ्याने उत्तर देण्याआधीच माहिती निघालेली असायची. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने त्याबद्दल कारवाई केली.

आरोग्याच्या अ‍ॅपची गोष्ट अधिक गंभीर आहे. पाळीची नोंद ठेवणारे ‘फ्लो’ हे अ‍ॅप जगभर वापरले जाते. वापरणाऱ्यांची आरोग्याची माहिती खासगी ठेवण्याचे आश्वासन देऊनही ती फेसबुक, गुगल यांच्यासारख्या कंपन्यांच्या मोजणी-सेवांकडे पोहोचवल्याचा आरोप याच आयोगाने केला आणि २०२१ मध्ये त्यावर तडजोड झाली. २०२३ मध्ये ‘बेटरहेल्प’ या ऑनलाइन समुपदेशन कंपनीला ७८ लाख डॉलर मोजावे लागले. मनाच्या दुखण्यासाठी मदत मागायला आलेल्यांचे ई-मेल आणि प्रश्नावलीतील माहिती जाहिरातीसाठी इतर कंपन्यांना दिल्याचा ठपका तिच्यावर होता. ज्या रकान्यात ‘आधी कधी समुपदेशन घेतले आहे का?’ असे विचारले होते, तो रकाना भरणाऱ्याला आपण डॉक्टरपुढे बसलो आहोत असे वाटत होते. समोर डॉक्टर नव्हता, किंवा एकटा डॉक्टर नव्हता.

शाळांचे म्हणाल, तर मार्च २०२० नंतर सगळे शिक्षण पडद्यावर आले आणि मुलांपुढे पर्यायच उरला नाही. ‘ह्यूमन राइट्स वॉच’ या संस्थेने ४९ देशांतील १६०हून अधिक शैक्षणिक अ‍ॅप व संकेतस्थळे तपासून मे २०२२ मध्ये अहवाल दिला. त्यांपैकी सुमारे ८९ टक्के मुलांच्या खासगीपणाला धोका पोहोचवणारी किंवा त्यावर आक्रमण करणारी होती, असा निष्कर्ष निघाला. आपल्याकडचे ‘दीक्षा’ हे सरकारी अ‍ॅपही तपासले गेले होते आणि त्यात मुलांचे अचूक ठिकाण टिपण्याची सोय असल्याचे त्यात नोंदवले होते. अभ्यास करायला बसलेल्या मुलाचे घर कुठे आहे, हे गणिताच्या धड्याला कशाला हवे?

दहावीच्या निकालाचा दिवस मुलांना सर्वांत जवळचा, म्हणून तेही उदाहरण घेतले. राज्यात दरवर्षी १५ ते १६ लाख मुले ही परीक्षा देतात. मंडळाच्या अधिकृत संकेतस्थळावर निकालासाठी बैठक क्रमांक आणि आईचे नाव भरावे लागते. पण त्या दिवशी घाईत भलतीच पाने उघडली जातात. ‘निकाल सर्वांत आधी पाहा’ म्हणून ती मोबाईल क्रमांक, ई-मेल, पुढे काय करणार, हेही विचारतात. मुले भरभर भरतात आणि मग महिनाभर क्लासवाल्यांचे फोन येत राहतात. मुलांना विचारले, निकाल दाखवायला मोबाईल क्रमांक कशाला हवा? उत्तर त्यांनीच दिले. मग दुसरा प्रश्न विचारला: तुमच्या आईचे नाव गावात कुणाला माहीत नाही? वर्ग हसला. बैठक क्रमांक ओळीने असतात आणि आईचे नाव शेजाऱ्यालाही ठाऊक असते. म्हणजे तुमचे गुण तुमच्या आधी दुसरा कुणी पाहू शकतो. ज्या गोष्टी सगळ्यांना माहीत असतात, त्या कुलूप म्हणून चालत नाहीत. जन्मतारखेचा पासवर्ड का ठेवू नये, हे त्यानंतर वेगळे शिकवावे लागले नाही.

गणपतीपुळ्याच्या मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, ती शहरातील पाठ्यक्रम तयार करणाऱ्यांच्या लक्षात येणार नाही. इथे अनेकांच्या घरी पर्यटकांसाठी खोल्या आहेत. मे महिना, नाताळ, अंगारकी, जोडून आलेल्या सुट्ट्या, अशा गर्दीत खोली ठरवण्याचे काम पुष्कळदा घरातील नववी-दहावीचे पोरच करते, कारण मोबाईल त्याला चांगला कळतो. पाहुणा आधारकार्डाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. वर्गात विचारले, ‘कुणाच्या फोनमध्ये पाहुण्यांची आधारकार्डे आहेत?’ आठ-दहा हात वर आले. कितीतरी अनोळखी माणसांचे पत्ते, जन्मतारखा आणि फोटो, लग्नाचे व्हिडिओ आणि क्रिकेटच्या फोटोंच्या मधोमध. ही मुले केवळ माहिती देणारी नाहीत, माहिती सांभाळणारीही आहेत.

त्यांना सांगितले, पाहुण्यांची नोंदवही ठेवावी लागते, ती नीट ठेवा. पण ओळख पटल्यावर तो फोटो फोनच्या गॅलरीत पडून राहण्याचे कारण नाही. आणि तुम्ही स्वतः बाहेरगावी जाल तेव्हा, जिथे चालते तिथे, पहिले आठ आकडे झाकलेले ‘मास्क्ड’ आधार द्या. ते आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून घेता येते. झेरॉक्स द्यायचीच वेळ आली तर त्यावर तारीख आणि कशासाठी दिली ते लिहा. यावर एका मुलीने विचारले, ‘सर, पाहुण्यांनी आम्हाला विचारले की फोटो कशाला ठेवलाय, तर?’ म्हटले, ‘तर त्यांना कारण सांगता आले पाहिजे. नाही सांगता आले, तर पुसून टाका.’ जे आपण कंपन्यांकडून मागतो, ते आपल्यालाही लागू. हा धडा त्यांना चटकन कळला. दुसऱ्याचे गुपित सांभाळणाऱ्यालाच आपल्या गुपिताची किंमत कळते.

कायद्याची बाजूही वाचकांना ठाऊक असावी. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमताने निर्णय दिला. त्या पीठात न्या. शरद बोबडे आणि न्या. धनंजय चंद्रचूड हे आपल्या महाराष्ट्रातील न्यायमूर्तीही होते. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य बंधने अमलात येण्यासाठी १८ महिन्यांची मुदत आहे. अठरा वर्षांखालील मुलाची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यायची, मुलांचा माग काढायचा नाही, त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायच्या नाहीत, असे हा कायदा सांगतो. मुलांबाबतची बंधने मोडली तर २०० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

यातील दोन गोष्टींवर मात्र मी थबकलो. पहिली: पालकांची संमती आणि माग काढण्यावरील बंदी या तरतुदींतून डॉक्टर, रुग्णालये आणि शाळा यांना त्यांच्या कामापुरती सूट आहे. ती योग्यही आहे. अपघात झालेल्या मुलाला तपासताना मी आधी फॉर्म शोधत बसणार नाही. पण सूट म्हणजे मोकळीक नव्हे. कायदा आमच्यावर विश्वास टाकतो, तेव्हा हिमोग्लोबिनची यादी ग्रुपवर न टाकण्याची जबाबदारी अधिकच आमची. शिबिराचा फोटो वर्तमानपत्राला देताना तपासणीच्या बाकावर बसलेल्या मुलीचा चेहरा दिसू न देणे, शिष्यवृत्तीच्या यादीत बँक खाते आणि जातीचा रकाना भिंतीवर न लावणे, ही कामे कायद्याची वाट न पाहता उद्यापासून करता येतील.

दुसरी गोष्ट अधिक अवघड. कायदा मुलांचे रक्षण पालकांच्या हातून करतो. पण त्या चिठ्ठीतील मुलीला भीती कंपनीची नव्हती, घरची होती. पंधरा वर्षांच्या मुलीला घरातही थोडी जागा स्वतःची हवी असते. कपाटाचा एक कप्पा, डायरी, एखादा प्रश्न. मी पालकांच्या विरुद्ध बोलत नाही. माझ्याही घरात मुले वाढली आहेत. पण आईबापांनी मोबाईलमधील शोधांची यादी पाहून मुलीला जाब विचारला, तर ती पुढचा प्रश्न विचारणे बंद करील. मोबाईलला नाही, कुणालाच विचारणार नाही. दुखणे अंगावर काढणाऱ्या बायका आमच्या ओपीडीत रोज येतात. त्यांतील अनेकींनी ही सवय चौदा-पंधराव्या वर्षीच लावून घेतलेली असते.

मग त्या मुलीला मी काय उत्तर दिले? दुसऱ्या भेटीत, पुन्हा सगळ्यांसाठी म्हणून, हे सांगितले. एकाच फोनवर अनेकजण असतील तर शोधताना इन्कॉग्निटो खिडकी उघडा. तिने फोनमध्ये इतिहास राहत नाही. मात्र संकेतस्थळाला आणि इंटरनेट पुरवणाऱ्याला तुमची भेट कळू शकते, हेही लक्षात ठेवा. आधीचा शोध-इतिहास पुसता येतो. गुगल खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन तुमच्या वापरावरून जाहिराती दाखवणे बंद करता येते. अ‍ॅपला ठिकाणाची परवानगी द्यावीच लागली तर ‘फक्त अ‍ॅप वापरताना’ हा पर्याय निवडा. ‘सर्व कुकी स्वीकारा’ या मोठ्या बटणाच्या शेजारी बहुधा लहान अक्षरांत नकाराचाही पर्याय असतो, तो शोधा. आरोग्याची प्रश्नमंजूषा, ‘तुम्हाला नैराश्य आहे का तपासा’, ‘तुमचा स्वभाव ओळखा’ असले खेळ खेळताना खरे नाव आणि क्रमांक देऊ नका.

आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे माणसाला विचारा. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून सुरू आहे. त्याखाली आपल्या राज्यात सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक आहेत. तिथे फुकट आणि खासगीत बोलता येते. मनाच्या त्रासासाठी ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक आहे, संकटातील मुलांसाठी १०९८, आणि ऑनलाइन फसवणूक झाली तर १९३०. एक गोष्ट मात्र मी मुलांपासून लपवली नाही. कुणी तुमच्यावर लैंगिक अत्याचार केला असेल, तर कायद्याने मला ते पोलिसांना कळवावेच लागते. तेवढे सोडून तुमचे बोलणे माझ्यापाशी राहील. गुप्ततेच्या मर्यादा आधी सांगणे हाही गुप्ततेचाच भाग आहे. संकेतस्थळे त्या चाळीस पानांच्या अटींत दडवतात. आपण दोन वाक्यांत सांगू शकतो.

शाळांना माझे मागणे मोठे नाही. वेगळा विषय नको, वेगळे पुस्तक नको. महिन्याला एक तास द्यावा. पाचवी-सहावीत नाव, पत्ता, शाळा, फोटो अनोळखी ठिकाणी देऊ नये एवढेच. आठवीपासून अ‍ॅपचा केसपेपर. दहावीच्या वर्गात निकालाआधी एक तास, कुठले पान खरे आणि कुठले नुसते क्रमांक गोळा करणारे, हे दाखवण्यासाठी. शिक्षकांना सगळे येत नसेल तर बिघडत नाही, मुलांबरोबर शोधावे. भीती मात्र घालू नये. ‘मोबाईल वाईट’ म्हणून फोन काढून घेतल्याने मूल गोपनीयता शिकत नाही, लपवायला शिकते. हात धुवायला शिकवताना आपण जंतूंच्या भीतीने मुलांना घरात कोंडत नाही. जेवणाआधी साबण पुढे करतो. तसेच हे. आणि शाळांनी स्वतःच्या ग्रुपवर, फलकावर, फॉर्ममध्ये तेच तीन प्रश्न आधी स्वतःला विचारावेत. आमच्या सरकारी रुग्णालयांनीही. तपासणीच्या टेबलाभोवती चार माणसे कान देऊन उभी असताना पडद्यावरच्या गोपनीयतेचे धडे देणे मला तरी अवघड जाते.

काही आठवड्यांनी आमच्या दवाखान्यात एक मुलगी आईबरोबर आली. केसपेपरच्या खिडकीवर नेहमीची गर्दी. खिडकीतून नाव, वय, गाव आणि मोबाईल क्रमांक विचारला गेला. मुलीने बारीक आवाजात विचारले, ‘मोबाईल नंबर कशाला लागतो?’ मागच्या रांगेत कुणी चुकचुकले. आतील माणूस वैतागला, कारण इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी केला नव्हता. मी तिथूनच जात होतो. थांबून सांगितले, ‘रक्ताचा अहवाल आला की कळवायला. द्यायचा नसेल तर दोन दिवसांनी स्वतः येऊन विचार.’ तिने आईकडे पाहिले, आईने क्रमांक सांगितला.

ती चिठ्ठी तिचीच होती का, मला ठाऊक नाही. मी विचारले नाही.